मी माझी एकटी जातो

जपानमध्ये किताकामीतल्या कारखान्यात इंटरप्रिटर म्हणून गेले तेव्हा माझ्याकडे एन-टूचं, म्हणजे जपानी भाषेच्या परीक्षेतल्या वरून दुसऱ्या पातळीचं, सर्टिफिकेट होतं आणि पुण्यात जपानी शिकलेल्या माणसाच्या डोक्यात एन-टू झाल्यावर जी हवा जाते ती पण होती. पहिल्याच आठवड्यात सगळी हवा निघाली. लाइनवर एक काका होते, रिटायर झाल्यावर परत कामावर घेतलेले, त्यांनी माझ्या हातात एक फुटका प्लॅस्टिकचा क्रेट दिला आणि म्हणाले, "कोरे, नागेदे केरो." नागेरु म्हणजे फेकणे, चेंडू फेकतात तसं, एवढं मला येत होतं. मी क्रेटकडे बघितलं, काकांकडे बघितलं आणि अगदी आदबीच्या जपानीत विचारलं की कुणाच्या दिशेने फेकू? आख्खी लाइन हसली. तोहोकुत, म्हणजे जपानच्या ईशान्येकडच्या त्या सहा प्रीफेक्चरमध्ये (प्रांतच म्हणा), नागेरु म्हणजे टाकून देणे. कचऱ्यात.

दुसरा घोटाळा जास्त महाग पडला. पुण्याहून आमचे तीन इंजिनिअर आले होते, शिफ्ट संपताना काका प्रेसमशीनच्या बाजूच्या स्टुलावर बसले, मान मागे टाकली आणि "आऽ, कोएए" म्हणाले, आमच्यातल्या एकाने विचारलं काय म्हणतायत, आणि मी छातीठोकपणे सांगितलं, त्यांना भीती वाटतेय. कोवाइ म्हणजे भीती, पहिल्या वर्षाच्या पुस्तकातला शब्द. झालं, मशीन बंद, सेफ्टीवाले धावत आले, गार्ड उघडून झाले, सेन्सर तपासून झाले, आणि काका बिचारे मध्ये उभे, आपण काय गुन्हा केला ते न कळून. तिकडे कोवाइ म्हणजे दमलो. अंग मोडून गेलं, बस. एवढंच म्हणत होते ते.

त्या संध्याकाळी रूमवर बसून मला रडू आलं, पण नोकरीच्या भीतीने नाही. मला माझी सातवी आठवली. आम्ही कागलकडून पुण्याला आलो आणि नव्या शाळेत पहिल्या दिवशी बाईंनी विचारलं, डबा खाल्लास का, तर मी म्हटलं, "हो, खाऊन आलो." आमच्याकडे बायका मी आलो, मी गेलो, मी करतो असंच बोलतात, आजी तशी बोलते, आत्या तशी बोलते, त्यात कुणाला काही खटकत नाही. वर्गात मात्र मागून आवाज आला, "आलो? तू मुलगा आहेस का?" दोन महिन्यांत मी आले, गेले, करते शिकले, इतकं छान शिकले की सुट्टीत गावी गेल्यावर आजी म्हणाली, "पुन्याची झाली गं पोरगी." ती कौतुकाने म्हणाली की टोमणा मारला हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

तर, हानामाकी. किताकामीच्या लगतचं गाव, लोकल ट्रेनने थोड्या मिनिटांवर, आणि मियाझावा केंजीचं जन्मगाव. केंजीचं नाव मी पुण्यात ऐकलेलं, त्याची मुलांसाठीची एक गोष्ट क्लासमध्ये अर्धी वाचलेली, त्यापलीकडे काही नाही. एका रविवारी संग्रहालय बघून आले आणि येताना त्याचा १९२४ चा कवितासंग्रह घेतला, 'हारु तो शुरा', जो त्याने स्वतःच्या खर्चाने छापला होता. त्यात एक कविता आहे बहिणीच्या मरणावरची. तोशी. २७ नोव्हेंबर १९२२ ला गेली, वय २४. बाहेर पावसासारखा बर्फ पडतोय, ती तापाने फणफणलीय आणि भावाला म्हणते, मला तो बर्फ आणून दे, आणि तो दोन टवके उडालेले वाडगे घेऊन गोळी सुटल्यासारखा बाहेर पळतो. कविता जपानी साहित्याच्या भाषेत आहे. पण तोशी जे बोलते ते हानामाकीच्या बोलीत. आणि एक ओळ त्याने चक्क रोमन अक्षरात छापलीय, जपानी लिपीच्या मधोमध, कंसात:

ओरा ओरादे शितोरि एगुमो.

ही तोशी काही अडाणी नव्हती हं. टोकियोत महिलांच्या विद्यापीठात शिकलेली, परत येऊन गावातल्या मुलींच्या शाळेत शिकवणारी. शुद्ध जपानी तिला माझ्यापेक्षा हजारपट चांगली येत असणार. पण मरताना ती घरची भाषा बोलली. केंजीने ती जशीच्या तशी ठेवली, मग वाचकाला कळावं म्हणून शेवटी टिपा दिल्या. या ओळीची टीप आहे, 'आताशि वा आताशि दे हितोरि इकिमासु'. मी माझी एकटी जाते.

मी त्या टिपेपाशीच अडकले. का ते सांगते. शुद्ध जपानीत 'मी' ला ढीगभर शब्द आहेत, आणि कुठला 'मी' वापरला यावरून बऱ्याचदा बोलणारा बाप्या की बाई ते कळतं. ओरे, ओरा हे पुरुषी. आताशि बायकी. पण तोहोकुतल्या जुन्या बायका सर्रास स्वतःला ओरा म्हणतात, त्यात पुरुषीपणा वगैरे काही नाही, ते आपलं मी आहे, बाकी काही नाही. म्हणजे टीप देताना केंजीने बहिणीला आताशि केलं. तिचं बोलणं टोकियोच्या वाचकासमोर न्यायचं तर तिला आधी बायकी कपडे घालावे लागले. सख्ख्या भावाला, एवढ्या मोठ्या कवीला! आणि मी सातवीत तेच केलं होतं, स्वतःला. जपानीत बाईपण सर्वनामात बसलंय आणि मराठीत क्रियापदात, एवढाच काय तो फरक.

मग मला नादच लागला. तोहोकुची बोली लिहिणारे कोण, ती भाषांतरात नेणारे कोण, मिळेल ते वाचत सुटले. ही बोली म्हणजे टोकियोवाल्यांसाठी शंभर-दीडशे वर्षं चेष्टेचा विषय. नाकातून बोलतात, शि आणि सु मध्ये फरक करत नाहीत, म्हणून नावच पाडलंय 'झुझु-बेन'. सिनेमात गावंढळ माणूस दाखवायचा तर त्याला ही भाषा द्यायची. कामाला टोकियोत गेलेली पोरं तोंड उघडायला घाबरायची. इनोउए हिसाशी नावाच्या लेखकाने १९८१ मध्ये याचा असा काही वचपा काढला की बास, त्याच्या 'किरिकिरिजिन' कादंबरीत तोहोकुतलं एक खेडं जपानपासून स्वतंत्र होतं आणि झुझु-बेन ही तिथली राष्ट्रभाषा होते. जाडजूड पुस्तक आहे, मी निम्म्यात सोडलं. पण कल्पना भारी.

ज्या माणसाबद्दल मला खरं लिहायचंय तो लेखक नाही, डॉक्टर आहे. यामाउरा हारुत्सुगु. किताकामी, हानामाकी ज्यात येतात त्या इवाते प्रीफेक्चरच्या समुद्राकडच्या भागाला केसेन म्हणतात, ओफुनातो, रिकुझेनताकाता आणि डोंगरातलं सुमिता. जुन्या काळी हा भाग सेंदाईच्या दाते सरदारांच्या ताब्यात आणि हानामाकी वगैरे नाम्बू सरदारांच्या, त्यामुळे एकाच प्रीफेक्चरमध्ये असून दोन्हीकडची बोली वेगळी. यामाउरा केसेनमध्ये वाढले, घर कॅथलिक, म्हणजे त्या गावात अगदीच वेगळं. पुढे सेंदाईच्या विद्यापीठात संशोधन, शिकवणं, आणि १९८६ मध्ये परत येऊन ओफुनातोत दवाखाना टाकला. त्याच वर्षी त्यांचं केसेन शिकवणारं पुस्तक आलं. ते केसेन-बेन म्हणत नाहीत, बेन म्हणजे बोली. ते म्हणतात केसेन-गो. गो म्हणजे भाषा. या एका अक्षराला धरून माणसाने आयुष्य काढलंय. व्याकरण लिहिलं, लिहायची पद्धत ठरवली, जपानी लिपीतली वेगळी आणि रोमन अक्षरांतली वेगळी, २००० मध्ये मोठा कोश काढला. इथपर्यंत ठीक, असे नाद असलेले डॉक्टर आपल्याकडे पण असतात.

पण मग ते ग्रीक शिकले. बायबलची चार शुभवर्तमानं मूळ ग्रीकवरून थेट केसेनमध्ये आणायला. २००२ ते २००४ मध्ये चारही आली, ओफुनातोतल्याच एका छोट्या प्रकाशनाने काढली, प्रत्येक पुस्तकासोबत त्यांच्या स्वतःच्या आवाजात वाचलेली सीडी. २००४ मध्ये ते रोमला जाऊन पोपच्या हातात देऊन आले.

मला मत्तयचं पुस्तक एका जुन्या पुस्तकांच्या दुकानात मिळालं, सीडीसकट. लॅपटॉपला सीडीची फट नाही, हे रूमवर आल्यावर लक्षात आलं. शेवटी कारखान्याच्या कॅन्टीनमधला एक जुनाट प्लेअर आठवला आणि जेवणाच्या सुट्टीत लावली. मला दहातला एक शब्द कळत होता. तेवढ्यात ते काका ट्रे घेऊन बाजूला येऊन बसले. आणि ऐकता ऐकता त्यांचे चॉपस्टिक्स थांबले. हे सुमिताचे, अठराव्या वर्षी कामासाठी इकडे आलेले, हे मला तोवर माहीतच नव्हतं. त्यांनी विचारलं, कोण बोलतंय हे? मी म्हटलं, येशू. ते हसले. म्हणाले, "आमच्या आळीतला दिसतोय."

त्यांच्यासोबत मग मी ते पुस्तक थोडं थोडं वाचलं, जेवणाच्या सुट्टीत, सहा-सात महिने. ते वाचायचे, शुद्धमध्ये सांगायचे, मी वहीत मराठीत लिहायचे. डोंगरावरचं प्रवचन आहे ना, त्यात पहिलंच वाक्य, आपल्या मराठी बायबलात ते 'जे आत्म्याने दीन ते धन्य' असं आहे. नेहमीच्या जपानी बायबलात आहे, जे मनाने गरीब ते सुखी. आता जपानीत मनाने गरीब म्हणजे कोत्या मनाचा, कद्रू, भिकार वृत्तीचा. म्हणजे हलकट माणसांचं भलं होणार असं काहीतरी ऐकू येतं, आणि लोक ते मान हलवून ऐकत आलेत कारण धर्मग्रंथ आहे, कळलं नाही तर चूक आपली. यामाउरांनी ग्रीकमधला शब्द बघितला, प्न्यूमा, म्हणजे आत्मा, पण श्वास पण. ज्यांच्या नाकातून फुरफुर निघत नाही, ज्यांचा दम गेलाय. आणि केसेनमध्ये लिहिलं: ज्यांना आधार नाही, आशा नाही, जे कोकोरोबोसोइ आहेत ती माणसं सुखी, देवाच्या कुशीत जातात ती हीच. कोकोरो म्हणजे मन, होसोइ म्हणजे बारीक. मन बारीक झालेली माणसं. मी वहीत मराठी लिहायला गेले तर पुण्याच्या मराठीत काही सुचेना आणि हाताने आपोआप आजीचं लिहिलं: "ज्येंचा जीव येवढुसा झालाय त्येंचं बरं हाय, द्येव त्येंनाच कुशीत घेतोय." बघतच बसले. वीस वर्षांनी त्या भाषेत काहीतरी लिहिलं होतं मी. आणि लिहिलं काय, तर बायबल.

'प्रेम कर' ला केसेनमध्ये शब्दच नाही म्हणे. म्हणजे जपानीतला जो आइ, सिनेमातला, गाण्यातला, तो तिथं कुणी तोंडातून काढत नाही. वैऱ्यावर प्रेम करा, याचं त्यांनी केलं, वैऱ्यालासुद्धा 'देजि' करा. देजि म्हणजे दाइजि, जपून ठेवण्यासारखं, मोलाचं. काका म्हणाले, आई कोंबडीचं पहिलं अंडं हातात देताना म्हणायची, देजि नी सेरो. नीट जप. माझी आजी पण कधी प्रेम म्हणाली नाही कुणाला. "जीव लावतो गं तुला" म्हणते.

आणि गंमत बघा, हा शब्द शोधायची अडचण यामाउरांच्या आधी चारशे वर्षांपूर्वी येऊन गेलीय, आणि तिची एक वाट आपल्या गोव्यातून जाते. १५४८ मध्ये कागोशिमाचा अंजिरो नावाचा एक पळून आलेला माणूस गोव्यात ख्रिस्ती झाला, तिथंच पोर्तुगीज शिकला, आणि पुढच्या वर्षी फ्रान्सिस झेवियरला जपानला घेऊन गेला. हो, तेच झेवियर ज्यांचं शव जुन्या गोव्यात आहे. त्यांच्या मागून गेलेल्या जेझुइट पाद्र्यांनी प्रेमाला जपानी शब्द निवडला 'गोताइसेत्सु', म्हणजे परत तेच, मोलाचं, जपायचं. ते आइ नाही म्हणाले. १६०३ मध्ये त्यांनी नागासाकीत जपानी-पोर्तुगीज कोश छापला तर त्यात क्युशूच्या, म्हणजे नागासाकी ज्या बेटावर आहे तिथल्या, बोलीतले शब्द खूण करून वेगळे दाखवले, म्हणून आज ते सापडतात. धर्म पसरवायला आलेल्या लोकांनी बोली टिपून ठेवली हे जरा खटकतं मला, पण सापडतात हे खरं. आणि आपल्याकडे पंडिता रमाबाई! त्यांनी पण हेच केलं होतं की, ग्रीक-हिब्रू शिकून, केडगावला बसून, साध्या बायकांना कळेल अशा मराठीत आख्खं बायबल. त्या एप्रिल १९२२ मध्ये गेल्या, त्याच वर्षी नोव्हेंबरात तिकडे तोशी. पुस्तक छापून आलं १९२४ ला, केंजीच्या संग्रहाच्याच वर्षी. यातून काही सिद्ध होत नाही, मला आपलं दिसलं म्हणून सांगितलं.

केसेनला मी एकदाच गेले. इचिनोसेकीहून ट्रेन केसेननुमापर्यंत, पुढे रूळच नाहीत. ११ मार्च २०११ ला त्सुनामीने नेले. रूळ होते त्या पट्ट्यावर आता डांबरी रस्ता आहे आणि त्यावर फक्त बस धावते, बसला स्टेशनं आहेत, बोगदे आहेत, फाटकं आहेत. खिडकीतून समुद्र दिसावा म्हणून उजवीकडे बसले तर बराच वेळ नुसती काँक्रीटची भिंत. ओफुनातोत प्रकाशकाच्या गोदामात पाणी शिरलं होतं, त्यातून बायबलच्या ज्या प्रती निघाल्या त्यांना नाव पडलं 'ओमिझु-कुगुरि'चं बायबल, पाण्यातून पार झालेलं. लोकांनी त्या मागवून मागवून घेतल्या.

पण त्या वेळची दुसरी एक गोष्ट मला जास्त लागली. बाहेरून हजारो डॉक्टर, नर्स, स्वयंसेवक आले आणि म्हाताऱ्या लोकांना कुठं दुखतंय तेच त्यांना कळेना. एखादी आजी म्हणाली असेल कोएए, आणि समोरच्याने लिहून घेतलं असेल, भीती वाटतेय. तशी खरी भीतीही असणारच की तेव्हा. मग अभ्यासकांनी घाईने पुस्तिका काढल्या. तोहोकु विद्यापीठाने मदतीला येणाऱ्यांसाठी केसेननुमाच्या बोलीची ओळख, आणि जपानच्या राष्ट्रीय भाषा संस्थेने २०१२ मध्ये तोहोकुतल्या दुखण्याखुपण्याच्या नादशब्दांचा संग्रह. म्हणजे ठसठस, चरचर, कळ, चमक असतात ना आपल्याकडे, तसे. ठणकतंय आणि ठसठसतंय यातला फरक कळणारा डॉक्टर मिळणं हे नशीब असतं, ओफुनातोच्या लोकांना तो आधीपासून मिळालेला होता.

यामाउरा केसेनपाशीच थांबले नाहीत, त्सुनामीच्याच वर्षी, २०११ मध्ये, त्यांनी शुभवर्तमानांचं आणखी एक भाषांतर काढलं, त्यात वेगवेगळी माणसं जपानच्या वेगवेगळ्या भागांतल्या बोली बोलतात. मला ते केसेनइतकं आवडलं नाही, जरा नाटकातल्या पात्रांसारखं होतं. पण माझ्यापुढे त्याने प्रश्न टाकला, कुणाच्या तोंडी कुठली बोली द्यायची, कारण तोवर मी तोशीची ती ओळ मराठीत करायला घेतली होती.

आणि त्याला कारण वाकाताके चिसाको. या तोनोच्या, म्हणजे इवातेच्याच. नवरा गेल्यावर लिहायला लागल्या आणि ६३ व्या वर्षी, जानेवारी २०१८ मध्ये, पहिल्याच कादंबरीला अकुतागावा पुरस्कार, जपानमधला मोठा साहित्य पुरस्कार. नाव काय? तोशीचीच ओळ, थोडी बदलून. 'ओरा ओरादे हितोरि इगुमो.' यातली मोमोको ७४ वर्षांची, लग्न ठरलेलं असताना पळून टोकियोत आलेली, आयुष्यभर शुद्ध बोललेली, आणि आता एकटी राहिल्यावर तिच्या डोक्यातले सगळे आवाज तोहोकुच्या बोलीत बोलायला लागतात. केंजीकडे ती कंसातली, टिपेची गरज असलेली ओळ होती, इकडे तीच पुस्तकाच्या कव्हरवर आली, टिपेशिवाय. जर्मनमध्ये युर्गन श्टाल्फ यांनी ही बोली सॅक्सनीतल्या डोंगराळ भागातल्या बोलीत नेली आणि त्या पुस्तकाला २०२२ मध्ये तिकडे बक्षीस मिळालं. यावर लोक म्हणतात की जपानी म्हातारी सॅक्सनीचं कसं बोलेल. अरे, ती जर्मन तरी कशी बोलेल मग? शुद्ध जर्मन बोललेली चालते आणि गावचं बोलली की चालत नाही, हे काय लॉजिक आहे.

हे तावातावाने म्हणणं सोपं होतं. स्वतःवर आल्यावर मी पण कचरले. 'मी माझी एकटी जातो' असं लिहिलं आणि भाषांतर करणाऱ्या मैत्रिणींच्या ग्रुपवर टाकलं. पहिला रिप्लाय, टायपो आहे, जाते. दुसरा, 'एकटी' आणि 'जातो' जुळत नाही गं. फोनचा कीबोर्ड पण सारखा जाते, जाते सुचवत होता. एकीने मात्र नीट विचारलं, की हे वाचून लोकांना हानामाकी दिसणार की कोल्हापूर? त्यावर माझ्याकडे उत्तर नव्हतं, आजही पूर्ण नाहीये. कोल्हापूर दिसणार हे खरंय. पण 'जाते' लिहिलं तर तोशी परत एकदा आताशि होते, आणि ते एकदा तिच्या भावाने करून झालंय.

शेवटी आजीला फोन लावला. म्हटलं एक ओळ वाचतो, ऐक. तिच्याशी बोलताना मी वाचतो, करतोच म्हणते आता परत. सांगितलं की एक पोरगी आहे, आजारी, आणि भावाला म्हणते, मी माझी एकटी जातो.

"कुटं जातीया? आजारी हाय न्हवं? कुनाला तरी संगट न्यावं की."

मी म्हटलं, आजी, मरायला टेकलीय ती.

फोनवर गप्प. मागे कुकरची शिट्टी झाली. मग म्हणाली, "मग बरोबर हाय तिचं. तितं कोन येतंय संगट." आणि जरा थांबून, "पन जातो म्हनू ने गं बाई. येतो म्हनावं."

हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. घरातून निघताना जातो म्हणायचं नाही, हे मला लहानपणी शंभर वेळा सांगितलेलं. मी पान उलटलं. तोशीचं शेवटचं बोलणं तिथं आहे, बर्फाच्या वाडग्यानंतर, तेही हानामाकीचंच, आणि त्यातलं क्रियापद आहे कुरु. येणे. मी तिथल्या तिथे आजीला जमेल तसं करून सांगितलं: "परत मानसाच्या जलमाला येतो तवा, आसं निस्तं सवताचंच दुकनं घिऊन येनार न्हाई."

"हां," आजी म्हणाली. "मग आसूंदे ते जातो."